काफलबोटचे सहा आकडे

१

बुधवारी सकाळी रत्नशोभा वज्राचार्य यांच्या टेबलावर दोन गोष्टी येऊन पडल्या होत्या. एक संत्र्यांची परडी आणि दुसरा एक भलताच अहवाल.

संत्री दरवर्षीचीच. पूस, म्हणजे पौष, लागला की शाखेच्या जुन्या नोंदी ठेवणारे घले दाइ, साऱ्यांचे थोरले दादा, ती सगळ्या शाखेत वाटत फिरायचे. कधीकाळी ते जिथे ऑपरेटर होते त्या गावची माणसं अजून पाठीवरच्या टोपल्या भरभरून पाठवतात, म्हणे. गोड असायची, तक्रारीला जागा नव्हती. अहवालाचं मात्र तसं नव्हतं.

पूर्वेकडच्या डोंगरात नवं सबस्टेशन कुठे बांधायचं, याचा अभ्यास नियोजन शाखेत आठ महिने चालला होता. कार्तिकातल्या मसुद्यात उत्तर होतं रातमाटे. छापून आलेल्या अंतिम अहवालात ऐटीत लिहिलं होतं काफलबोट. मधल्या महिन्यात दोन्ही गावं डोंगरासकट जागच्या जागी होती. अहवालाखाली दोन सह्या होत्या. अभ्यास करणारी म्हणून मनकला राईची, आणि तपासणारी म्हणून रत्नशोभाबाईंची स्वतःची. तपासलं काय होतं, देव जाणे. त्या दिवशी अकरा कागद सहीला आले होते आणि बाहेर कुणीतरी जनरेटरची तक्रार घेऊन उभं होतं, एवढंच त्यांना आठवत होतं.

"रत्नशोभाजी," त्यांचे वरिष्ठ लोहनी सर म्हणाले, "शुक्रवारी समितीची बैठक. तोवर मला हा बदल करणाऱ्याचं नाव पाहिजे. नाहीतर नाव तयारच आहे."

"कुणाचं?"

"त्या पोरीचं, अजून कुणाचं. सासर काफलबोटपासून दोन कोसांवर. नोकरी अजून कच्ची. एक पत्र दिलं की प्रकरण मिटलं."

"आणि तिनं केलं नसेल तर?"

"तर दोन दिवस आहेत की तुमच्याकडे." लोहनी सरांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "सही तुमचीही आहे बरं का खाली."

तेहेतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला सहा महिने बाकी, आणि आता हे. रत्नशोभाबाईंना वाटलं, अहवाल खिडकीतून बागमतीत फेकून द्यावा. पण बागमती खिडकीपासून लांब होती, आणि तिच्यात आधीच पुष्कळ काय काय पडलेलं होतं.

२

मनकलाचे डोळे सुजले होते. तरी तिनं दोन्ही मसुदे पानापानाला चिठ्ठ्या लावून आणले होते, हे बाईंना बरं वाटलं. रडणारी माणसं त्यांना चालत, अव्यवस्थित चालत नसत.

"मॅडम, मी काही बदललं नाही. आईची शपथ."

"शपथ नको, नानी. पासवर्ड कुणाला ठाऊक आहे?" तरुण मुलींना त्या लाडानं नानी, म्हणजे बाळ, म्हणत.

मनकलानं चिठ्ठ्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "भिंतीवर चिकटवलाय."

"कुठल्या भिंतीवर?"

"कॉम्प्युटरच्या मागच्या. आपलं गणिताचं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर चालतं ना. त्याची ती किल्ली एकच आहे, मशीनला खोचायची. मग सगळेच तिथे बसतात. कुणी विचारायला नको म्हणून मीच चिकटवला."

रत्नशोभाबाईंनी डोळे मिटून घेतले. दुसरी किल्ली घ्या, दुसरी किल्ली घ्या, असं त्या चार वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. सबंध देशाच्या विजेचं नियोजन करणारी शाखा एका बोटभर किल्लीवर चालते, हे त्यांनी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं होतं, पत्र मिळालं.

"दुपारी खोलीत कोण असतं?"

"कुणीच नाही. पुसात सगळं ऑफिस गच्चीवर उन्हात. मीसुद्धा."

म्हणजे दुपारी बारा ते एक, कुणीही यावं, भिंत वाचावी आणि देशाचं सबस्टेशन हलवावं. बाईंनी दोन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीनं बोट फिरवायला सुरुवात केली. पन्नास पानं, हजारभर आकडे. तास झाला, चहा गार झाला, आणि मग बोट थांबलं.

बदललेले आकडे फक्त सहा होते. सगळे काफलबोटचे. विक्रम संवत २०६५ ते २०७०, सतरा ते बारा वर्षांपूर्वीचे.

ही अंधाराची वर्षं. त्या काळात दिवसाला सोळा-सोळा तास वीज जायची. लोकांनी वीज कमी वापरली, कारण मिळालीच नाही. तो वापर जसाच्या तसा धरला, तर त्यानंतर लाइट आल्यावर झालेली वाढ खोटी, अवाढव्य दिसते. त्यावर रत्नशोभाबाईंनीच तोडगा काढला होता. जितके तास अंधार, त्या प्रमाणात त्या वर्षांचे आकडे फुगवून धरायचे. शाखेत त्याला रत्नशोभा गुणांक म्हणत. नियमपुस्तकातलं सातवं प्रकरण. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावानं एवढी एकच गोष्ट छापली गेली होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

कुणीतरी काफलबोटपुरता तो गुणांक काढून टाकला होता. जुने आकडे निम्म्यावर आले होते. जुने आकडे खाली, म्हणून वाढ वर. वाढ वर, म्हणून सबस्टेशन काफलबोटला.

"नानी, लाच खाल्लेला माणूस काय करील?"

"आजचा वापर वाढवून लिहील."

"सोपं ते. हा माणूस सतरा वर्षांपूर्वीचा वापर कमी करतो. याला आपलं गणित आतून माहीत आहे." बाई थांबल्या. गुणांक आतून माहीत असलेली माणसं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होती, आणि त्यातली एक समोर नाक पुसत बसली होती.

३

गुरुवारी त्यांनी बिदुर पौडेलला धरलं. बिदुर शाखेतला दुसरा इंजिनियर. चूक त्यानंच पकडली होती आणि थेट लोहनी सरांच्या कानावर घातली होती.

"दिदी, मी प्रामाणिकपणे तक्रार केली," तो म्हणाला. "मला काय, रातमाटे असो नाहीतर काफलबोट."

"पन्नास पानांचा अहवाल तू वाचलास?"

"अर्थात."

"बिदुर, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा तू पूर्ण वाचली नव्हतीस. चुकीच्या दिवशी आला होतास."

बिदुरनं मान खाली घातली. मग टोपी काढली, पुन्हा घातली. "निष्कर्ष वाचला. शेवटचं पान."

"शेवटचं पान का वाचलंस?"

"उगीच."

"रातमाटेला काय आहे तुझं?"

शेवटी त्यानं सांगून टाकलं. रातमाटेच्या रस्त्याकडेला त्याच्या बायकोच्या नावावर जमीन निघाली. कार्तिकातला मसुदा पाहून घेतलेली. सबस्टेशन येणार म्हटल्यावर रस्ता रुंद होणार, दुकानं येणार. अहवालात काफलबोट वाचलं आणि जमिनीचे पैसे बुडालेले दिसले, म्हणून हा सगळा प्रामाणिकपणा.

"म्हणजे तू नाहीस," बाई वैतागून म्हणाल्या. "तू लबाड आहेस, पण वेगळ्या प्रकरणातला."

"दिदी, हे कुठे बोलू नका."

"बोलायचं की नाही ते शुक्रवारी बघू."

उरले लोहनी सर. काफलबोट मंत्र्यांच्या मतदारसंघात येतं, हेही खरं. पण सरांना ईमेल उघडायला माणूस लागायचा. मागच्या वर्षी त्यांनी ती सॉफ्टवेअरची किल्ली पेन ड्राइव्ह समजून घरी नेली होती आणि अख्खी शाखा तीन दिवस माश्या मारत बसली होती. गुणांक म्हणजे काय, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. बाईंनी त्यांच्या नावावर काट मारली. आणि मग यादीत मनकलाशिवाय कुणी उरलंच नाही.

संतापानं त्यांनी तो बदललेला तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. आणि या वेळी दिसलं, जे आधीच दिसायला हवं होतं.

जुन्या तक्त्यात २०७० च्या आकड्यावर चांदणी होती. चांदणी म्हणजे अंदाज. काफलबोटची २०७० ची नोंदवही भूकंपात कंट्रोल रूमच्या भिंतीखाली गेली होती, म्हणून तो आकडा शेजारच्या वर्षांवरून बांधलेला होता. बदललेल्या तक्त्यात चांदणी नव्हती. आकडा होता, शेवटच्या युनिटपर्यंत नेमका.

जी वही जगात नाही, तिच्यातला आकडा कुणी लिहिला?

४

जुन्या वह्या तळघरात होत्या. किल्ली घले दाइंकडे असायची, पण घले दाइ गच्चीवर होते. बाईंनी पहारेकऱ्याकडून दुसरी किल्ली मागवली. ती लागेना. मग लागली, तर दिवा लागेना. विजेच्या ऑफिसच्या तळघरात दिवा नाही, असं पुटपुटत त्यांनी मोबाइलचा उजेड केला.

काफलबोटच्या पाच वह्या होत्या. २०६५ ते २०६९. दर तासाला एक नोंद. अंधाराच्या तासांपुढे शून्य, शून्य, शून्य. ओळीच्या ओळी. महिन्याच्या शेवटी मीटरवरून घेतलेले एकूण युनिट. बदललेल्या तक्त्यातले पाच आकडे याच वह्यांतले, जसेच्या तसे.

इथवर सगळं ठीक होतं. आणि मग रत्नशोभाबाईंनी तेहेतीस वर्षांच्या सवयीनं मनातल्या मनात एक भागाकार केला, आणि मग तोच बोटांवर पुन्हा केला.

माघ २०६५. सगळ्यात वाईट महिना. रोज सोळा तास अंधार, आठ तास वीज. तीस दिवसांचे दोनशेचाळीस तास. मीटरनं मोजले होते बारा लाख युनिट. म्हणजे तासाला पाच हजार.

काफलबोटचा ट्रान्सफॉर्मर तीन हजारांचा होता.

त्यांनी पुढचा महिना पाहिला. पुढचं वर्ष पाहिलं. तेच. तीन हजारांच्या ट्रान्सफॉर्मरवर पाच हजार, रोज, वर्षानुवर्षं. आठवड्याभरात जळून कोळसा झाला असता. तो तर आजही चालू होता. मग त्यांनी दोनशेचाळीसऐवजी महिन्याच्या सगळ्या तासांनी भागलं. उत्तर आलं सतराशेच्या आतबाहेर. अगदी शहाण्यासारखं.

मीटर खोटं बोलत नाही. म्हणजे शून्यं खोटी होती. सारा देश काळोखात बसला असताना काफलबोटला वीज चालू होती.

आणि त्यांच्या गुणांकानं, जिथे अंधार नव्हताच तिथला अंधार भरून काढला होता. मुळात पूर्ण असलेले आकडे दुप्पट केले होते. त्यामुळे दर पाच वर्षांच्या आराखड्यात काफलबोट दिसायचं ते वापर घटत चाललेलं, मरू घातलेलं गाव म्हणून. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा सही त्यांचीच.

त्या तिथेच एका खोक्यावर बसल्या. आधी वाटलं, कुणाला तरी झोडपून काढावं. मग लक्षात आलं, झोडपायचं कुणाला? प्रत्येक पानाखाली ऑपरेटरची सही होती, मघाशी न पाहिलेली. आता त्यांनी उजेड तिच्यावर धरला.

हर्कबहादुर घले.

५

घले दाइ गच्चीवर उन्हात पाठ करून बसले होते. बाकीचे खाली गेले होते. बाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी खिशातून संत्रं काढलं.

"ही काफलबोटची ना, दाइ?"

"हो, हजुर. गोड नाही निघाली?"

"गोडच आहेत, म्हणून विचारते. अंधाराच्या वर्षांत सगळीकडे सबस्टेशनवर दगड पडत होते. भक्तपूरच्या आमच्या ऑपरेटरचं डोकं फुटलं होतं. आणि तुम्हाला तिथली माणसं सतरा वर्षांनीसुद्धा संत्री पाठवतात. का?"

घले दाइंनीही एक संत्रं सोलायला घेतलं.

"सोळा तास स्विच खाली ओढणाऱ्या माणसाला कुणी संत्री पाठवत नाही, दाइ. तुम्ही तो ओढलाच नाही."

त्यांनी हातातली साल गुडघ्यावर ठेवली. "पहिल्या महिन्यात ओढला," ते म्हणाले. "वेळापत्रकाबरहुकूम. रुग्णालय त्याच लाइनवर. बाळंतिणीचं ऑपरेशन चालू होतं, जनरेटरला डिझेल नव्हतं. डॉक्टरनं टॉर्च धरून केलं. पोर वाचलं, बाई गेली. ती माझ्याकडे दूध घालायची. दुसऱ्या दिवशी माझा हात नाही उठला, मॅडम."

"आणि वहीत शून्य लिहिलंत."

"लिहायलाच हवं होतं. नाहीतर कळलं असतं."

"गावानं कुठे तोंड नाही उघडलं? सहा वर्षं?"

"गाव माझ्यापेक्षा हुशार." त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. "पाहुणा आला की दुकानदार मेणबत्ती लावायचे. खिडक्यांना घोंगड्या. मंत्र्यांचा माणूस एकदा मुक्कामाला होता, तर अख्खा बाजार कंदील घेऊन फिरला. काठमांडूहून आलेला तो, त्याला आमची दया आली."

बाईंना हसू आलं आणि त्याच दमात संतापही. "आणि आता? माझा तक्ता बदलायचं काय कारण?"

"चैत्रात मी निवृत्त होतो. मग त्या मशीनला कोण हात लावू देईल? संध्याकाळी तिथे व्होल्टेज इतकं पडतं की रुग्णालयातली तान्ह्या पोरांची उबेची पेटी बंद होते. गाव तिप्पट झालंय आणि आपल्या तक्त्यात घटतंय. दर वेळी मीच ते आकडे टाइप करायचो. दर वेळी वाटायचं, हे माझ्या शून्यांमुळे." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कापडात गुंडाळलेली लहानशी वही काढली. "खरे आकडे यात आहेत. सहाही वर्षांचे. २०७० सुद्धा."

"म्हणून चांदणी नव्हती."

"पन्नास पानांत सहा आकडे कोण बघतं, असं वाटलं. तुम्ही सही केलीत, मला वाटलं पार पडलं. त्या पोरीवर येईल हे डोक्यातच आलं नाही. दोन दिवस जेवण जात नाही. उद्या बैठकीत येऊन सांगतो मी."

"काय सांगाल? सहा वर्षं हुकूम मोडला, सरकारी वही खोटी लिहिली, मग अहवाल बदलला. चैत्राचं निवृत्तिवेतन हातात पडेल तुमच्या?"

"नाही पडणार. पण पोरीची नोकरी राहील."

रत्नशोभाबाईंचा आवाज चढला. "दहा-बारा वर्षं एका ऑफिसात आहोत, दाइ. दर आराखड्याच्या वेळी तुम्ही वह्या घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात. एकदा, एकदा तरी सांगायचं."

"तुम्ही आकडे मागितलेत, हजुर," घले दाइ हळूच म्हणाले. "मी आकडे दिले. तिथे काय झालं होतं, ते कुणी विचारलं नाही."

बाईंनी संत्रं पुन्हा खिशात घातलं. त्या काफलबोटला एकदाही गेल्या नव्हत्या. नकाशावर मात्र रोज जात.

६

शुक्रवारी बैठक लवकर आटपायची घाई होती. दुसऱ्या दिवशी शनिवारची आठवड्याची सुट्टी. मनकला दाराजवळच्या खुर्चीत टोकावर बसली होती. बिदुर छताकडे पाहत होता. घले दाइ चहा द्यायच्या निमित्तानं आत आले होते आणि जायचं नाव घेत नव्हते.

"तर मग नाव," लोहनी सर म्हणाले. पत्र त्यांनी टाइप करूनच आणलं होतं.

रत्नशोभाबाई उठल्या. माघ २०६५ चा भागाकार त्यांनी फळ्यावर मांडला. बारा लाख, दोनशेचाळीस, पाच हजार. शेजारी तीन हजार.

"हा ट्रान्सफॉर्मर अजून जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे काफलबोटला त्या काळात वेळापत्रकापेक्षा पुष्कळ जास्त वीज मिळाली. तिथे गुणांक लावायलाच नको होता. बदललेले सहा आकडे बरोबर आहेत. आधीचे चूक होते. सबस्टेशन काफलबोटलाच हवं."

समितीतले एक वृद्ध सदस्य फळ्याकडे बघत राहिले. त्यांनी पेन काढून स्वतः भागाकार केला आणि मान हलवली.

"पण जास्त वीज मिळाली कशी?" लोहनी सरांनी विचारलं.

"शेवटच्या वर्षाची वही भूकंपात गेली, सर. आता भिंतीला विचारायचं का?"

घले दाइ ट्रे ठेवून एक पाऊल पुढे आले. बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"ते राहू द्या. आकडे कुणी बदलले? मला दोषी माणसाचं नाव पाहिजे."

"दोषी माणसाचं देते. सातवं प्रकरण मी लिहिलं. तीन आराखड्यांत तो गुणांक डोळे झाकून मी लावला. ट्रान्सफॉर्मरशी ताडून बघणं हे पहिल्या वर्षाच्या पोरांचं काम, ते मी केलं नाही. अंतिम तक्त्याखाली तपासणारी म्हणून सही माझी, त्या सहा आकड्यांची जबाबदारी माझी. लिहा, रत्नशोभा वज्राचार्य."

 मनकलानं तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे तुम्हीच बदलले?"

"सही कुणाची आहे ते वाचा, सर. आणि कुणी काय बदललं याची चौकशीच करायची असेल, तर कार्तिकातला मसुदा पाहून रातमाटेला कुणी जमीन घेतली, तिथून सुरुवात करू." बिदुरला जोराचा ठसका लागला. "वेळ आहे माझ्याकडे. सहा महिने आहेत."

लोहनी सरांनी घड्याळ पाहिलं. बाईंना लेखी समज, नियमपुस्तकातून सातवं प्रकरण रद्द, अहवाल मंजूर. टाइप केलेलं पत्र त्यांनी घडी करून खिशात घातलं. बाईंच्या निवृत्तीच्या समारंभात गुणांकाचा गौरव करणारं भाषण त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं. आता ते वाया जाणार, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

बाहेर आल्यावर रत्नशोभाबाईंनी जिन्याचा कठडा धरला.  तेहेतीस वर्षांत छापलेलं एकच नाव, तेही पुसलं गेलं होतं, आणि रडू येत होतं, आणि रडायला त्यांना वेळ नव्हता, कारण मनकला वही घेऊन मागे उभी होती.

"मॅडम, सातव्या प्रकरणाच्या जागी नवं काय लिहू?"

"लिही. गुणांक लावण्याआधी त्या गावी जावं. ऑपरेटरकडे बसावं, चहा घ्यावा आणि त्या वर्षांत काय झालं ते विचारावं."

मनकला लिहिता लिहिता थांबली. "पण मॅडम, हे सूत्र नाही."

"नाही ना," त्या चिडून म्हणाल्या. "म्हणून तर मला सुचलं नाही. रविवारी सकाळी जीप सांग. दोघींसाठी. आणि घले दाइंना म्हणावं, रस्ता दाखवायला चला."